परपेतुआची वरची बाग

परपेतुआ डोंगरावर एकटी राहते हे कोविरा गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कोको विकत घेणाऱ्या कंपनीला तेवढं ठाऊक नव्हतं, आणि सांगायला कोणी गेलंही नव्हतं.

लढाईच्या वर्षांत अर्धं गाव किनारा सोडून वर जंगलात गेलं होतं. परपेतुआनेही नवऱ्याबरोबर तिथेच झोपडी बांधली, अळूचे कंद लावले, रताळी लावली. नवऱ्याला, अलॉयसियसला, ताप भरला तेव्हा बुगनव्हिल बेटाची नाकेबंदी होती, औषधाची एक गोळी मिळत नव्हती. तो तिथेच गेला, तिथेच पुरला. शांतता झाली तशी ती मुलाला घेऊन खाली आली आणि वरची बाग जंगलाने परत घेतली.

पुढे मुलगा समुद्रापलीकडे ले शहराच्या बंदरात नोकरीला लागला, सून गावातच राहिली. सून वाईट नव्हती, पण सतत बोलायची, आणि बोलणाऱ्याला ऐकणारं माणूस लागतं. परपेतुआला ऐकायचा कंटाळा आला. एक दिवस तिने कोयता घेतला, जाळीची पिशवी कपाळाला अडकवली आणि ती आपल्या जुन्या जागी निघून गेली. बारीक झाडं तिने स्वतः तोडली. मोठी झाडं बहिणीच्या मुलाने, कॉस्मसने, करवत आणून पाडून दिली. मावशीवर त्याचा जीव होता.

एका सकाळी कुत्रा भुंकायला लागला. पायवाटेवरून एक बाई चिखलाने बरबटून वर येत होती आणि तिच्या मागून कॉस्मस, पडलेल्या चेहऱ्याने.

"मी डेल्फिना, आजी. कोको सोसायटीतून आले." ती धापा टाकत ओट्यावर बसली. "तुमच्या या डोंगराला पायऱ्या करा ना कोणीतरी!"

"पायऱ्या केल्या की लोक येतात," परपेतुआ म्हणाली आणि तिच्यासमोर सुपारी आणि चुना ठेवला.

डेल्फिनाने फोनवर दोन चित्रं दाखवली. उपग्रहाने आभाळातून काढलेली. पहिल्यात सगळं हिरवंगार. दुसऱ्यात त्या हिरव्यात एक तपकिरी ठिपका, डोक्यावर चाई पडावी तसा.

"ही माझी बाग?" परपेतुआने फोन डोळ्यांजवळ नेला. "माझी चूल दिसते का यात?"

"नाही आजी, एवढं बारीक नाही दिसत."

"बरं झालं. नाहीतर ओढ्यावर आंघोळीची चोरी झाली असती."

डेल्फिना हसली. कॉस्मस हसला नाही.

"गावात विचारलं," डेल्फिना म्हणाली, "तर कोणी म्हणे वीज पडली, कोणी म्हणे वादळ झालं. हे कॉस्मस म्हणाले, दरड कोसळली."

"दरड कसली!" परपेतुआने भाच्याकडे पाहिलं. "तूच पाडून दिलीस की रे झाडं. दुपारी माझ्याकडे जेवलास, विसरलास?"

"तुझं नाव नको यायला म्हणून बोललो, मावशी."

"खाण्यापुरती बाग केलीत, त्याबद्दल कंपनी काही म्हणत नाही," डेल्फिना समजावू लागली. "पण ही जागा कॉस्मसच्या कोकोच्या प्लॉटमध्ये आहे. त्यामुळे ते म्हणतात, कोकोसाठी जंगल तोडलं. २०२० नंतर तोडलेल्या जागेचा कोको ते घेत नाहीत. गावाचा माल एकत्र जातो, म्हणून सगळ्यांच्याच गोण्या अडकल्यात."

परपेतुआने हातातली सुपारी खाली ठेवली. "कॉस्मसचा प्लॉट? इथे वर?"

डेल्फिनाने प्लॉटची पिवळी रेघ दाखवली. कॉस्मस स्वतः फोन घेऊन हद्दीवरून चालला होता, त्याची ती रेघ. परपेतुआने तिच्यावरून बोट फिरवलं. रेघ कोकोच्या झाडांपाशी थांबत नव्हती. ओढा ओलांडून ती धारेवर चढली होती, अलॉयसियसच्या थडग्याला वळसा घालून पार पलीकडे गेली होती. इथे जमीन आईकडून मुलींकडे जाते; ते जंगल तिच्या आईचं, तिच्या बहिणीचं आणि पुढे बहिणीच्या मुलींचं.

"चालता चालता जरा लांब गेलो," कॉस्मस पुटपुटला.

"जरा? अख्खा डोंगर घातलास की पोटात!"

मग तो जमीन उकरत एकदम बोलला, "मावशी, माझी मुलं त्यांच्या आईच्या कुळाची. उद्या मी मेलो की माझ्या बहिणीच्या, बेनेडिक्टाच्या, मुली येतील आणि म्हणतील, चला, निघा. माझ्या पोरांनी खांद्यावरून रोपं वाहून आणलीत. कुठे जातील ती? म्हटलं, कंपनीच्या नकाशात एकदा माझं नाव लागलं तर कोणी बोलायचं नाही."

परपेतुआला राग आला होता, पण तो राग ऐकता ऐकता उतरला. तिचा स्वतःचा मुलगा कुळातला, हक्काचा. त्याने या मातीला कधी हात लावला नव्हता. आणि ज्यांचा हक्क नाही ती पोरं रोपं वाहत होती. तिने निखाऱ्यातले कंद काढले, राख झटकली, दोघांपुढे ठेवले.

जेवण झाल्यावर ती उठली. "दे तो फोन. कसा धरायचा ते सांग."

फोन छातीशी धरून ती पुढे, डेल्फिना मागे, सगळ्यात शेवटी कॉस्मस. शेवटच्या कोकोच्या झाडापाशी ती थांबली आणि तिथून खालच्या अंगाने वळली. जंगल बाहेर राहिलं, तिची बागही बाहेर राहिली. नवी रेघ पाहून कॉस्मस म्हणाला, "एवढीशीच?"

"एवढीच तुझी आहे. पोरांसाठी जे हवं ते बहिणीकडे तोंड उघडून माग. रीतीप्रमाणे डुक्कर घेऊन ये, चार माणसं बोलाव. मीही येईन."

ती खरोखर खाली आली. बेनेडिक्टा भावाला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलली. "आईच्या जंगलाला फोन घेऊन फेरी मारून आलास होय! लाज नाही वाटली?" कॉस्मसने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. परपेतुआने तिला मन मोकळं करू दिलं, मग म्हणाली, "झालं? आता त्याच्या पोरांचं बोलू."

संध्याकाळपर्यंत बोलणं चाललं. शेवटी बेनेडिक्टाने आपल्या मुलींना पुढे करून त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं: पोरांनी लावलेला कोको पोरं खातील, जंगलात मात्र पाऊल नाही. मग डुक्कर कापलं गेलं.

नवी रेघ पाहून कंपनीने पुन्हा चित्रं तपासली आणि पुढच्या खेपेला गावाच्या गोण्या उचलल्या. डेल्फिनाने परपेतुआकडून एक शब्द घेतला होता, बाग आणखी वर वाढवायची नाही. "माझ्यात आता कुठे तेवढा जोर आहे," असं कुरकुरत तिने तो दिला.

मेजवानीनंतर ती दोन रात्री सुनेकडे राहिली. निघताना सून म्हणाली, "मीही येते, बघू तरी काय आहे वर." चढताना तिला दम लागला, त्यामुळे ती फारसं बोललीच नाही. वर आल्यावर तिने बाग पाहिली, सासऱ्याच्या थडग्यावरचं गवत काढलं आणि उतरताना अळूची रोपं मागून नेली.