पाठ फिरवून विचारलेला प्रश्न

प्रश्न विचारला की तो खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचा. "आता सांगा काका. माह्या तोंडाकडे पाहून नका सांगू. मले वाईट नाही वाटत."

आमच्या गल्लीत शेवटच्या घरात तो भाड्याने राहायचा. तिशीतला, कारखान्यात नोकरीला. डोक्यात मात्र धंदा होता. मोबाईलवर बटण दाबलं की माणूस घरी येणार, कूलर धुणार, जाळ्यांतली जुनी घास, म्हणजे तो लाकडाचा कीस, काढून नवी भरणार आणि पावसाळ्यात कूलर नेऊन सांभाळणारही. नागपुरात घर तिथे कूलर, तेव्हा कल्पना काही वाईट नव्हती. पण आधी लोकांना विचारायचं आणि तीस घरं हो म्हणाली तरच नोकरी सोडायची, असं त्याने ठरवलं होतं.

आता तुम्हीच सांगा, आपल्या घरी चहा पिणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोण नाही म्हणतं? हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणूनच तो पाठ फिरवायचा. जानेवारीत आमच्याकडे आला तेव्हाही तसाच बसला. शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती. माझ्याच्याने त्या पाठीलाही नाही म्हणवेना.

"बोलावीन ना गा! माह्यं नाव पहिलं लिही."

त्याने वहीत लिहून घेतलं. तो गेल्यावर बायको कपबशा उचलत म्हणाली, "काहून खोटं बोलले जी तुम्ही? कूलरले दुसऱ्याचा हात तरी लागू देता का?"

खरंच होतं ते. "पोराचं मन कशाले मोडायचं," असं म्हणून मी विषय संपवला.

ती वही घेऊन तो पुढच्या घरी गेला. तिथले माझं नाव पाहून हो म्हणाले आणि त्यांच्या शेजारचे त्यांचं नाव पाहून. हे मला फार उशिरा कळलं. त्याने नोकरी सोडली, लकडगंजात कूलर ठेवायला जागा घेतली. पेढे द्यायला आला, तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

मार्चच्या शेवटी, एका रविवारी सकाळी, मी गच्चीवर लुंगी खोचून कूलर उघडून बसलो होतो. माझा फोन आला नाही, वहीतल्या बाकीच्यांचाही नाही, म्हणून तो चौकशीला जिना चढून आला. त्याने कूलर पाहिला, मग मला पाहिलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

"लय दाबून भरून राहिले काका तुम्ही. हवा कुठून येईन?" एवढंच म्हणून तो खाली बसला. एका बाजूची घास त्याने मोकळी करून भरली, जाळी बसवली, तार आवळायला घेतली. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"आता सांगा काका. पुढच्या वर्षी बोलवाल?"

"नाही गा," मी म्हणालो. "हे काम मले आवडते."

त्याचे हात थांबले. "हेच जानेवारीत सांगितलं असतं तर नोकरी नसती सोडली मी."

तार आवळून झाल्यावर त्याने पंप लावून पाहिला. पाणी सारखं उतरतंय याची खात्री केली आणि हात धुऊन तो निघून गेला.

पावसाळ्याच्या आत त्याने घर रिकामं केलं. रायपूरला नोकरी लागली म्हणे. फोन लागत नाही. लागला तरी काय बोलणार, मला माहीत नाही.

यंदाही मी कूलर काढला. दोन बाजूंची घास बदलली. तिसऱ्या बाजूने हवाच येत नाही, अशी बायकोची कुरकुर चालू आहे. तिथली तार त्याने पिळलेली आहे. मी ती सोडलेली नाही.