शनिवारचा शिक्का

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कपाटातले ते जुने गोलकीपरचे हातमोजे मला बक्षीस मिळाले, असं तिला वाटतं.

तेलाच्या तेजीत मी जेद्द्याच्या एका कामगार कॅम्पात हजेरी लिहिणारा टाइमकीपर होतो. परदेशातून संदेश छापून यायचे ते टेलेक्स मशीनही मीच बघायचो. रामोन तिथला वेल्डर, मेक्सिकोचा. तिकडे मोठ्या क्लबचा गोलकीपर, पेपरात फोटो आलेला. गुडघा दुखावला, क्लबने सोडला, म्हणून इकडे. आम्ही कोकणातले सगळे त्याला रमणशेठ म्हणायचो. गुडघा आता बरा आहे, क्लब परत बोलावेल — एवढी एकच आशा. रोज ऑफिसच्या खिडकीशी येऊन विचारायचा, आला? मी नकारार्थी मान हलवायचो.

आणि एका बुधवारी क्लबचा टेलेक्स आला. गोलकीपरची जागा आहे, शुक्रवारपर्यंत होकार कळवा.

शुक्रवारी शेजारच्या कॅम्पाशी आमची फुटबॉलची फायनल. त्या बुधवारी सकाळीच आमचा कॅप्टन, रत्नागिरीचा हुसेनमिया, म्हणाला होता, "रमणशेट नाय तर आपला खलास हाय." असा कागद हाती आल्यावर रामोन खडीच्या मैदानात गुडघा कशाला पणाला लावेल? मी कागद ड्रॉवरमध्ये सरकवला.

शुक्रवार सुट्टीचा वार, त्या दिवशी कुठलं ऑफिस उघडं असतं? — ही पळवाट मी वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवली. खोटं आहे ते. सुट्टी आमच्याकडे होती. मेक्सिकोत शुक्रवारी कामं चालतात, हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

त्याने पेनल्टी अडवली, आम्ही जिंकलो. मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो.

शनिवारी टेलेक्सवरची तारखेची ओळ फाडली, त्या दिवसाचा शिक्का मारला आणि कागद त्याला दिला. तो शिक्क्याकडे बघतच राहिला. आज आला? मी हो म्हटलं. त्याने लगेच होकार पाठवला. उत्तर आलं — जागा भरली. नंतर तो खिडकीशी कधी आला नाही. पुन्हा कुठल्या क्लबकडून खेळलाही नाही.

कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर निघताना त्याने आपले हातमोजे माझ्यापुढे धरले. मोडक्या हिंदीत म्हणाला, "तू रोज मेरे लिए देखता था."

मी ते घेतले.