डिसेंबरात नदी रिकामी असते

शारजा. शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५. हवा दमट. डाव्या डोळ्यात थेंब तीनदा घातले. हेमाने चादरी धुतल्या. दुपारी सुदेश आला, चहा दोनदा प्याला. केनियाच्या सहलीचे पत्रक दाखवले. पान दोन खोटे आहे.

आधी तारीख, वार, हवा आणि मग मजकूर, ही शिस्त प्रभावतीबाईंना बेळगावच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावली होती. बाईंना आता अठ्ठ्याहत्तरावे लागले होते, तरी एक दिवस कोरा गेला नव्हता. यजमान केनियात रस्त्यांच्या खात्यात सर्व्हेअर होते. नारोक गावी दोघांनी एकवीस वर्षे काढली. सुट्टी मिळाली की जीपमध्ये डबा टाकायचा आणि मसाई मारा गाठायचे. कोणत्या तारखेला कोणत्या ओढ्यावर किती हत्ती दिसले, सगळे वह्यांत होते. यजमान गेल्यावर मुलाने, संजयने, आणि सून हेमाने त्यांना शारजाला आणले आणि वह्या पलंगाखाली गेल्या.

संजयचा मित्र सुदेश टूर एजन्सी चालवायचा. दोघे मिळून वीस डिसेंबरला मराठी कुटुंबांची सहल नेणार होते. पान दोनवर छापले होते: मारा नदीत उड्या घेणारे हजारो विल्डबीस्ट पाहा, गॅरंटीड!

"गायीएवढी ती शिंगाळ हरणं डिसेंबरात तिथे नसतात," बाई म्हणाल्या. "पाऊस लागला की कळप दक्षिणेला जातात, टांझानियातल्या सेरेंगेटीत. मारा नदी ओलांडतात ते जुलै ते ऑक्टोबरमध्ये."

"काकू, जुलैत आपली माणसं इथे असतात का?" सुदेश हसला. "शाळा सुटली की सगळे इंडियात. माहेर, सासर, दाताचा डॉक्टर. उरला डिसेंबर."

"मग जनावरांना कळव तसं. म्हणावं, आमच्या सुट्टीप्रमाणे या."

"आई, उद्या हॉलमध्ये सहलीची सभा आहे, तिथे तू फक्त आठवणी सांगायच्या," संजय म्हणाला. "महिने काढायचे नाहीत. नाहीतर तुझी सीट मी कन्फर्म करणार नाही."

हे मात्र वर्मी लागले. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजवाही वर्षभर टिकेल याची खात्री नाही, असे डॉक्टरने तोंडावर सांगितले होते. त्याआधी मसाई माराच्या पश्चिमेच्या कड्यावरून ते गवताचे मैदान एकदा पाहायचे, एवढेच बाईंनी मागितले होते. संजयला हे ठाऊक होते, म्हणून तर त्याने नेमका तिथेच पाय दिला.

रविवारी दुबईत, ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये वीसेक कुटुंबे जमली. बाई छान बोलल्या. पावसाने हिरवेगार झालेले गवत, त्यात छत्रीसारख्या बाभळी. काळ्या मातीत रुतलेली जीप यजमान ढकलत होते, आणि वीस पावलांवर एक सिंहीण बसून ते बघत होती, अगदी कंटाळलेल्या चेहऱ्याने. लोक हसले. मागच्या रांगेत संजयची मान समाधानाने हलत होती. बाईंना वाटले, जमले. आता घोटभर पाणी प्यावे आणि खाली बसावे.

तेवढ्यात सहलीला नाव दिलेल्या ममताची आठ वर्षांची मुलगी अस्मी उभी राहिली. "आजी, हाउ मेनी विल्डबीस्ट विल वी सी इन द रिव्हर?"

बाईंनी संजयकडे पाहिले. त्याने सावकाश नकाराची मान हलवली.

"एकही नाही, बाळ," बाई म्हणाल्या.

सुदेश उठला. "काकूंचं वय झालंय हो. त्यांचा काळ वेगळा होता. आता क्लायमेट बदललंय, प्राण्यांचं टायमिंगही बदललंय."

"बदललंय ना? मग गॅरंटी कशाच्या जोरावर दिलीस रे?" बाईंनी पर्समधून तीन-चार जुन्या वह्या काढल्या. "अठ्ठ्याहत्तर साल, तेवीस डिसेंबर: नदीकाठ रिकामा. मगरी दोन. ब्याऐंशी, पंचवीस डिसेंबर: नदीकाठ रिकामा. पाणघोडा एक. सत्त्याऐंशी, अठरा डिसेंबर..." खरे सांगायचे तर वाचताना त्यांना मजाही येत होती.

आता लोक सुदेशला धरतील, असा त्यांचा हिशेब होता. तो साफ चुकला.

"आजी, मुलांसमोर कशाला बोललात?" ममता भडकली. "पोरगी महिनाभर दिवस मोजतेय."

"सुट्टीच्या दिवशी मूड घालवायला बोलावलं काय आम्हाला?" मागून कोणी तरी म्हणाले.

एकानेही नाव मागे घेतले नाही. 'गॅरंटीड' खोडून 'शक्यता' लिहितो, असे सुदेशने कबूल केले, आणि त्याला टाळ्या मिळाल्या.

"शक्यताही नाही," बाई म्हणाल्या. पण माइक बंद झाला होता.

परतताना शारजाच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. गाडी थांबली तसा संजयने फोन काढला आणि सुदेशला निरोप बोलला, "एक नाव कमी कर. आईचं. यल्ला, चल, लिस्ट फायनल." मग मागे न बघता म्हणाला, "खलास. चारचौघांत नाक कापलंस माझं."

"ते नाक तूच त्या खोट्या पत्रकावर पणाला लावलं होतंस."

"आई, एक दिवस गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" पुढच्या सीटवरून सूनबाई, हेमा, म्हणाली.

"गप्पच बसत होते. पोरीने विचारलं."

"पोरगी काय, परवा विसरली असती!"

"मी नसते विसरले," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी बाईंनी तारीख, वार, हवा लिहिली. सभेबद्दल दोन ओळी लिहिल्या. सीट रद्द, एवढे दोन शब्द लिहिले. आणि त्याखाली: वांग्याची भाजी केली होती. कोणी जेवले नाही. डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवली.