आमच्या विलासच्या आठ तारा

मला तबला सुरात लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सलीमभाईंचा एक चहा होतो. विलासच्या गिटारच्या आठ तारा लागेपर्यंत मात्र आम्हा सगळ्यांचा चहा होतो, पान होतं, कुणाच्या तरी पोरीची सोयरीक जमवून होते आणि तरी ह्याचं कान लावून तार पिळणं चालूच! एवढ्या मोकळ्या वेळात माणसं काय करणार? किस्से सांगणार. आणि सांगता सांगता नवे घडणार. आमच्याकडं गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत ते असे.

आम्ही चौघं. कळंबच्या मोंढ्यात माझं बी-बियाणांचं दुकान आहे, त्यामागच्या गोदामात आमची बैठक. तबल्यावर मी. पेटीवर सलीमभाई; ते नळदुर्गचे, बँडपार्टीवाल्या घरातले, वयानं आमच्यापेक्षा बरेच मोठे. गायला शैलावहिनी, त्या शाळेत मराठी शिकवतात. आणि वहिनींचे मिस्टर म्हणजे आमचा विलास, माझा वर्गमित्र, स्टील गिटारवाला. ही गिटार, हिलाच हवाई गिटारही म्हणतात, मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून घासत न्यायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय हो, सुरांना इस्त्री मारायलेत का?"

*

विलास आधी साधी गिटार वाजवायचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. कडबाकुट्टीत वैरण सारताना डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. हाताला भलंमोठं बँडेज, आणि माणूस भिंतीकडं तोंड करून पडलेला. जो भेटायला येईल तो म्हणायचा, "जिवावरचं बोटावर निभावलं." विलास ऐकायचा आणि पुन्हा भिंतीकडं वळायचा. गिटारवाल्याचा जीव बोटांतच असतो, हे कुणाच्या लक्षातच येत नव्हतं.

मग सलीमभाई आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खुर्ची ओढून बसले आणि बँडेजकडं बघत म्हणाले, "अंगठा हाय?"

"हाय."

"पयलं बोट?"

"हाय."

"मधलं?"

"तेबी हाय. का हो?"

"तो रोता कायकू रे? आमच्या मामूंची हवाई गिटार घरी पडून हाय. उसको तीनच लगते!"

त्या दिवशी विलास पहिल्यांदा उठून बसला आणि भाकरी मागितली.

*

गिटार आली. आठ तारा, साताला गंज, एक गायबच. पण खरी अडचण पुढं होती. ह्या गिटारला पडदे दाबायचे नसतात, सूर बदलायला पायात पेडल नसतं. त्यामुळं मोकळ्या तारा ज्या सुरांना लावाल, त्याच सुरांचा मेळ दांड्याखाली सापडणार. म्हणजे वाजवण्याआधीच अर्धं गाणं ठरवून टाकायचं! आणि मामू तारा कशा लावायचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारावं तर मामू कधीच अल्लाला प्यारे झालेले.

विलासनं मोबाइल उघडला. एक गोरा म्हणाला, असं लाव. दुसरा म्हणाला, तसं लावलंस तर आयुष्य वाया. तिसऱ्यानं दोघांनाही मूर्खात काढलं. विलास रोज एकाचं ऐकायचा, सगळ्या तारा सोडायचा, पुन्हा पिळायचा. वहिनी वैतागून मला म्हणाल्या, "भाऊजी, घरात आठ तारा आल्या तोवर ठीक होतं. आता आठ जावा नांदायल्यात. एकीचं दुसरीशी पटत न्हाई!"

शेवटी सलीमभाईंनीच निकाल लावला. "विलास, तू दुनियाका सुनना बंद कर. तुला गाणी कोणची वाजवायचीत ते आधी सांग. पाय बघून चप्पल घेत्यात बाबा, चप्पल बघून पाय न्हाय!"

*

तेव्हा मग विलासनं सगळ्यात सोपा मार्ग धरला. आठही तारांवर नुसते सा, ग, प. वरपासून खालपर्यंत तेच ते. हात कुठूनही फिरवा, देवळातल्या घंटांसारखं गोड वाजायचं. आम्ही सगळे खूश.

त्याच आनंदात सास्तूरला गेलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं वर्षश्राद्ध होतं, मुलानं भजनाला बोलावलं होतं. वहिनींनी विरहाचं भजन धरलं. त्यात गंधार कोमल, रडवा. आणि विलासच्या तारांचा सगळा मेळ शुद्ध, हसऱ्या गंधाराचा! एका तारेवर चाल बरोबर यायची, पण जरा हात मोकळा सोडला की अख्खी गिटार खुदकन हसायची. वहिनी रडवायल्यात, गिटार हसवायलीय. वहिनींनी डोळे वटारले. सलीमभाईंनी पेटीचा भाता जोरात हाणून झाकायचा प्रयत्न केला. मी तबल्यात तोंड घातलं.

भजन संपलं. पुढं म्हाताऱ्याची धाकटी बहीण बसली होती, डोक्यावर पदर घेतलेली, वाळून काडी झालेली. ती विलासला म्हणाली, "इकडं ये रं."

विलास गेला. आता शिव्या बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या.

म्हातारीनं त्याचा पंजा हातात घेतला, तीन बोटं कुरवाळली आणि म्हणाली, "लई ब्येस वाजिवलंस लेकरा. आमचा दादा असाच व्हता. मयतीतबी हसू यायचं त्येला!"

*

परतीच्या वाटेवर विलास दांडा हातात उलटसुलट करत होता. म्हातारीनं वाचवलं, पण दरवेळी कुणाची बहीण असणार? जाणते वाजवणारे दांडा तिरका धरतात. मग एका तारेवर एक सूर, दुसरीवर जरा पुढचा, असा हवा तो मेळ साधता येतो. पण दांडा तिरका धरून सांभाळायला मागं आणखी बोटं लागतात. ती विलासकडं नव्हती. दांडा सरळच राहणार, म्हणजे जे काय करायचं ते तारा लावतानाच करायला हवं होतं.

काही दिवस गेले. भर दुपारी, दुकानात सोयाबीनच्या बियाण्याला गर्दी, आणि हा गिटार काखोटीला मारून आत घुसला. "बंड्या, धैवत!"

"काय झालं?"

"सा, ग, प च्या जोडीला धैवताची तार घातली! आता ऐक." त्यानं काउंटरवरच्या पिशव्या बाजूला सारल्या, गिटार आडवी टाकली आणि वाजवली. गोड, हसरी. "आता ह्याच तारा. काहीही बदलत न्हाय. फक्त धैवताला सा म्हण!"

त्यानं पुन्हा हात फिरवला. त्याच तारा, पण डोळ्यांत पाणी उभं राहावं असा सूर. धैवताला सा मानलं की जुना सा आपोआप कोमल गंधार होऊन बसतो! दांडा सरळचा सरळ, आणि हसणंही हाताशी, रडणंही हाताशी. गिऱ्हाइकं बियाणं विसरून ऐकत उभी राहिली.

वहिनींना त्यानं हे संध्याकाळी समजावून सांगितलं. मोबाइलवरचे गोरे ह्यालाच 'सी सिक्स्थ' म्हणतात, हेही सांगितलं. वहिनी पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "ह्यात नवीन काय? घर तेच असतंय. त्याला माहेर म्हणायचं का सासर, त्यावर हसणं-रडणं ठरतंय!"

*

एक कटकट तरीही उरली होती. दांडा तारेवर ठेवला की त्याच्या मागची तारही गुणगुणते. वाजवणारे मागची रिकामी बोटं तारांवर नुसती टेकवून तो आवाज दाबतात. विलासकडं टेकवायला बोटंच नव्हती. त्यामुळं प्रत्येक सुरामागं एक डास भुणभुणतोय असं वाटायचं. फडकं बांधून पाहिलं, स्पंज चिकटवून पाहिला. दांडा पुढं जायचा, स्पंज जागेवरच!

वहिनींनी काही न बोलता एक जुना लोकरीचा हातमोजा घेतला. तीन बोटांची टोकं कापून टाकली. उरलेल्या दोन बोटांत कापूस ठासून भरला, त्यांना आतून जरा बाक दिला आणि शिवून टाकलं. विलासनं मोजा घातला, दांडा धरला. कापसाची दोन बोटं दांड्यामागून आपली सावकाश घासत चालली. डास गायब!

विलासनं कापसाची बोटं चिमटीत धरून बघितली. मग म्हणाला, "शैला, माझ्या सगळ्या हातात बेसूर न होणारी बोटं ही दोनच!"

*

हा आपला छोटासा किस्सा. नळदुर्गला एका हॉटेलच्या उद्घाटनाला वाजवायचं होतं. वहिनींच्या सुरासाठी एक तार जरा चढवावी असा सलीमभाईंचा आग्रह. विलास म्हणत होता, "तुटंल हो." सलीमभाई म्हणत होते, "कुछ नै होता, मामू इससेबी चढाते थे." तार पिळली आणि फाट्‌दिशी तुटली! जवळ जादा तार नाही. मी मोटरसायकल काढून हायवेवरची दुकानं धुंडाळली. एका हार्डवेअरवाल्याला विचारलं, "गिटारची तार हाय का?"

तो अगदी मनापासून म्हणाला, "बायंडिंग वायर हाय. किलोवर देऊ का बंडल?"

सातच तारांवर कार्यक्रम झाला. हॉटेलमालक खूश. जाताना सलीमभाई विलासच्या कानात म्हणाले, "देखा? एक तार तो फालतूच थी!"

*

आता शेवटचा. हा आम्ही फारसा कुठं सांगत नाही.

शैलावहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडचं. ऑपरेशन नीट पार पडलं, पण आवाज उतरला. पेटीच्या काळी चारच्या पट्टीत गाणारी बाई, वरचा सा लागेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, गात राहा. पण वहिनींनी तानपुऱ्याच्या पेटीवर कपडा टाकला तो टाकलाच. शाळेत शिकवायच्या, घरी यायच्या, गाण्याचा विषय निघाला की उठून आत जायच्या. कळंबची दिवाळी पहाट दरवर्षी त्यांच्या गाण्यानं सुरू व्हायची. त्या वर्षी त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर विलास गोदामात आला आणि दार लोटून म्हणाला, "आपण सगळं खाली घ्यायचं. तिला न सांगता."

सगळं म्हणजे सगळं. विलासनं जाड तारा मागवल्या, कारण साध्या तारा एवढ्या उतरवल्या की सैल पडतात आणि दांड्याखाली खुळखुळतात. आठही तारा त्यानं नव्यानं बसवल्या, सगळ्यांचं नातं तेच ठेवून, फक्त अख्खं कुटुंब खालच्या मजल्यावर. सलीमभाईंकडं स्केल चेंजरची पेटी होती. तिचा पट्टा सरकवला की बोटं काळी चारवरच राहतात आणि आवाज मात्र खालचा येतो. मी मोठ्या तोंडाचा तबला काढला, खालच्या सुराचा, आणि ओळखू येऊ नये म्हणून त्याच्या अंगाला जुन्या तबल्याचं कव्हर चढवलं. तिघांनी तालीम केली. सलीमभाई म्हणाले, "ये गुनाह नै हय. दवा हय."

वहिनींना आम्ही 'नुसतं बसा' म्हणून गोदामात घेऊन आलो. कपाळावर आठी. विलासनं मोकळ्या तारांवरून हात फिरवला. सलीमभाईंची बोटं काळी चारवर, वहिनींच्या डोळ्यांसमोर. मी थाप मारली.

आधी त्यांनी मांडीवर बोटांनी ताल धरला. मग गुणगुणल्या. मग ध्रुवपद उचललं. आवाज पूर्वीसारखा धारदार नव्हता, पण भरलेला होता, ऊन खाल्लेल्या गुळासारखा. अंतरा आला. मी ठेका हलका केला. विलासच्या कपाळावरून घाम ओघळत होता. वहिनी वरच्या सा कडं निघाल्या, पोचल्या, आणि तिथं ठरल्या!

गाणं संपलं. सलीमभाईंनी डोळे पुसून पेटीवर डोकं टेकलं. मी ओरडलो, "वहिनी! काळी चार! आली की हो!"

वहिनी पदरानं गळा पुसत होत्या. त्यांनी एकदा माझ्या तबल्याकडं बघितलं, एकदा पेटीकडं बघितलं, आणि मग विलासकडं वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "अजून अर्धा सूर खाली घ्या. दिवाळीला मला दोन गाणी जास्त म्हणायचीत."