बाराने भागलेला पगार

मी नोकरीला लागेपर्यंत आमच्या घरात पगार हा शब्द कुणी स्वतःसाठी वापरलाच नव्हता. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चिकपेटच्या एका बोळात साड्यांचे फॉल, अस्तर आणि ब्लाउजपीस यांचं दुकान होतं, आजोबांनी भाड्याने घेतलेलं. संध्याकाळी अण्णा चामराजपेटला घरी आले की आई विचारायची, आज कसं? ते ‘बरं’ म्हणाले तर सांबार आणि भाजी, ‘स्वल्प’, म्हणजे थोडकंच, म्हणाले तर नुसतं सांबार. हे मी थट्टेने लिहीत नाही, आमचं स्वयंपाकघर असंच चालायचं.

एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीचं पत्र आलं तेव्हा अण्णांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. वर्षाला सहा लाख. त्या आकड्याखाली बरंच बारीक इंग्रजी होतं आणि एक तक्ताही होता. मी त्यावरून नजर फिरवली, आपण सगळेच अटी आणि शर्तींवरून फिरवतो तशी. अण्णांनी डोळे मिटून बाराने भागलं आणि म्हणाले, महिन्याला पन्नास. मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीतल्या प्रत्येक अक्काला माझे पन्नास हजार ठाऊक झाले होते. मला लाज वाटायला हवी होती, पण मी उगाचच दोनदा बाहेर चक्कर मारून आले.

त्याच सुमारास दुकानाच्या मालकाने भाडं जवळजवळ दुप्पट केलं. मान्य असेल तर राहा, नाहीतर पुढच्या महिनाअखेरीस किल्ली द्या, असं त्याने सांगितलं. अण्णांचे गुडघे दुखत होते, गिऱ्हाईक मोबाइलवरून खरेदी करायला लागलं होतं, तरी दुकान सोडायची भाषा त्यांनी कधी केली नव्हती. माझ्या पन्नासांनी ती करायला लावली. त्यात घरभाडं, धाकट्या भावाच्या कॉलेजची फी, आईची औषधं, सगळं बसत होतं. अण्णा मालकाला शब्द देऊन आले आणि येताना मैसूरपाक घेऊन आले. मी भलतीच खूश होते. वडिलांना घरी बसवून आराम देणारी मुलगी म्हणून स्वतःकडे बघायला मला फार आवडत होतं.

पहिल्या पूर्ण महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी जेवताना बँकेचा मेसेज आला. साडेछत्तीस हजार. मला वाटलं, दोन हप्त्यांत देत असतील. तरी उठून पगाराचं काम बघणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि हिंदीतून समजावून सांगितलं. हे सगळं त्या रोज कुणाला ना कुणाला सांगत असाव्यात, कारण त्यांचा सूर जराही बदलला नाही. सहा लाख हा कंपनीला माझ्यावर वर्षभरात येणारा खर्च. माझ्या पीएफमध्ये कंपनी भरणार ते पैसे त्यात धरलेले, विम्याचा हप्ता धरलेला, पाच वर्षं टिकले तर मिळेल ती ग्रॅच्युइटी धरलेली, आणि काम पसंत पडलं तर वर्षअखेरीला मिळेल तो बोनसही धरलेला. हे बाजूला काढलं की महिन्याचा एकूण पगार चाळीसच्या आत. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापला की हातात साडेछत्तीस.

माझ्याशी कुणीही खोटं बोललं नव्हतं. सगळं त्या तक्त्यात होतं. याचाच मला जास्त संताप आला, कारण भांडायला समोर कुणी नव्हतं. बाईंचे आभार मानून मी जागेवर आले आणि अण्णांना फोन लावला. त्याच संध्याकाळी अण्णा दुकानाची किल्ली देणार होते.

ते फोन उचलेनात. मी तब्येतीचं कारण सांगून निघाले. सिल्क बोर्डहून मेट्रो पकडली, आर. व्ही. रोडला बदलली आणि चिकपेटला उतरले. वाटेत वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

दुकानातल्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. माल शेजारच्या दुकानदाराने पडत्या भावात उचलला होता. मालक अजून यायचा होता आणि अण्णा एकटेच स्टुलावर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांना पुन्हा पुन्हा समजावावं लागेल असं मला वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, की तो बोनस नक्की आहे का. मी नाही म्हटलं.

“म्हणजे तो विक्रीचा आकडा होता, पुट्टी,” लहानपणच्या लाडक्या हाकेने ते म्हणाले. “मी नफ्याचा समजलो.”

मला रडू फुटलं. कुठल्याही व्यापाऱ्याने सांगितलेल्या विक्रीवर या माणसाने जन्मात विश्वास ठेवला नव्हता. माल, भाडं, हमाली, उधारी वजा करा आणि मग बोला, असं ते म्हणायचे. पण मुलीचं नाव छापलेला कागद समोर आला आणि ते वजा करायचंच विसरले. नोकरीत जे बोलतात ते हातात येतं, आपल्या धंद्यासारखं नसतं, अशी त्यांची समजूत होती. नोकरदारांचा त्यांना जन्मभर हेवा वाटला होता, तो यासाठीच.

मी म्हटलं, किल्ली अजून आपल्याकडे आहे, वाढीव भाडं देऊ, मालकाला सांगू की राहतो. अण्णांनी मान हलवली. मालकाने त्यांच्या भरवशावर दुसऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतली होती. माझा तोल गेला. शब्दाचं कौतुक पुरे करा, असं मी चक्क त्यांना म्हणाले, मला तर सगळं लिहून दिलं होतं, त्याचं काय झालं?

“त्यांनी लिहून दिलं,” अण्णा म्हणाले. “मी बोललोय.”

मालक आला. दोघांनी समोरच्या टपरीवरून बाय टू कॉफी मागवली आणि एकाच कॉफीचे दोन छोटे पेले उभ्यानेच प्यायले. अण्णांनी त्याच्या आईची तब्येत विचारली आणि किल्ली दिली. मला दोघांचाही राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अण्णांचा जास्त.

घरी आईने ऐकून घेतलं आणि ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाली. मग ती उठून आत गेली. पुढचे काही आठवडे घर ओढाताणीचं झालं. भावाची फी भरली आणि घरभाडं थकलं. अण्णा पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. एक दिवस ते सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले आणि रात्री परतले. जुन्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे, साड्यांच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी काउंटरवर काम धरलं होतं. दिवसभर उभं राहायचं आणि गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडायच्या. मी चिडले, हात जोडले, गुडघ्यांची आठवण करून दिली. त्यांनी ऐकलं नाही.

महिना भरला तेव्हा ते एक पाकीट घेऊन आले. साठी उलटलेल्या माणसाचा तो पहिला पगार होता. ते त्यांनी आईच्या हातात ठेवलं आणि मोजायला सांगितलं. आई म्हणाली, मोजायचं कशाला. तरी त्यांनी हट्ट धरला आणि ती मोजत असताना समोर बसून राहिले. मोजून झाल्यावर माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं.

“अठरा बोलले होते,” ते म्हणाले. “बघ, अठराच दिले.”

ते खरंच खूश होते. मला त्यांच्याकडे बघवेना.