गोदामातून सुटणारा लॉट

बियाण्याला चोळलेल्या औषधी पावडरीचा उग्र वास आला की जालन्याच्या एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीतली ती दुपार आठवते. पेरण्या तोंडावर आल्या होत्या आणि मी संगणक विभाग सांभाळत होते. उगवण चाचणीत बियाणं उतरलं की प्रयोगशाळेने डेटाबेसमधलं एक फंक्शन चालवायचं, मग तो लॉट ‘पास’ होऊन गोदामातून सुटायचा. त्या दिवशी कपाशीचा एक लॉट पास दिसला, आणि त्याच्या नमुन्याचं बी तर प्रयोगशाळेत अजून उगवण्यासाठी ओल्या कागदात गुंडाळलेलं होतं. मी गोदामाकडे धावले. टेम्पो भरत होता. “हा लॉट पास कुणी केला?” गोदामाचा कारकून हसला. “मीच केला, मॅडम. लॅबवाल्यांची वाट पाहत बसलो तर पेरण्या उरकतील. माझ्या लॉगिनवरूनबी ते फंक्शन बराबर चालतं.” “आधीही केलंत?” “घाई असली की करतो. सगळेच करून राह्यले.” प्रोग्राम बसवणाऱ्याने ते फंक्शन चालवायचा अधिकार सरसकट सगळ्यांना ठेवला होता, आणि कोणी चालवलं याची नोंदही राहत नव्हती. टेम्पो रिकामा करवला. सगळ्यांचे अधिकार काढून एकट्या प्रयोगशाळेला दिले. पण आधी गेलेल्या पाकिटांतली न तपासलेली कोणती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्या पावसाळ्यात अंबडकडे जाताना बसच्या खिडकीतून मी एकेक रान निरखत गेले. आजही कपाशी विरळ उगवलेली दिसली की बियाणं कुठल्या कंपनीचं, हे मी विचारून घेते.