आबांची टोपी आणि व्हाइट बॅलन्स

शिरपूरला सकाळी अंगणात मी आबांचा, म्हणजे थोरल्या काकांचा, फोटो काढला. चेहरा पिवळा आला. खानदानातला हौशी फोटोवाला मीच, तेव्हा चूक माझीच, हे सर्वमान्य.

"तुना कॅमेरालेच कावीळ व्हयेल शे!" आबा हसले.

त्यांच्या पांढऱ्या टोपीवर मी व्हाइट बॅलन्स जुळवला, म्हणजे 'हे पांढरं' असं कॅमेऱ्याला सांगितलं, तर चेहरा आणखी पिवळा. टोपीला नीळ जास्त झालीय, त्यानं कॅमेरा फसतोय, असं म्हणून मी काकूंवर ढकललं. मग कोरा कागद धरून जुळवलं. भिंतीचा चुना अगदी पांढरा आला, चेहरा पिवळाच राहिला.

तेव्हा कुठे मी कॅमेरा खाली घेऊन आबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळांभोवतीचं पांढरंही पिवळं होतं.

"आते तरी जुयनं का रे?" त्यांनी विचारलं.

जुळलं होतं.